मदत हवी आहे: बोका ट्रे सोडून गादीवर शू करतोय

घरात दोन मांजरं. बोका ४ वर्षांचा, नसबंदी झालेला. मनी दीड वर्षाची, तिचंही ऑपरेशन झालंय. गेल्या ३ आठवड्यांपासून बोका आमच्या गादीवर आणि दारातल्या पायपुसण्यावर शू करतोय. शी मात्र इमानदारीत ट्रेमध्येच! शेपटी वर करून भिंतीवर फवारा मारत नाही, नीट बसून करतो. म्हणजे हद्द आखणं नसावं.

डॉक्टरांना आधी दाखवलं. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी झाली. खडे नाहीत, जंतुसंसर्ग नाही.

ट्रे दिवसातून दोनदा साफ होतो. लव्हेंडरच्या वासाची लिटर (ट्रेमधली वाळू) बंद करून बिनवासाची, बेंटोनाइट मातीची आणली, फरक शून्य. फिनाइल मांजरांना घातक असतं हे कळल्यावर ते बंद केलं, आता एन्झाइम क्लीनर वापरतोय. तरी गादीला वास येतोच, निदान त्याला तरी येत असावा. नवीन माणूस, नवीन सामान काही नाही. एकच शंका: मनी हल्ली ट्रेच्या वाटेवर दबा धरून बसते आणि तो बाहेर आला की झडप घालते.

ट्रे सध्या एकच, बाथरूममध्ये. मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे ३ ट्रे हवेत हे वाचलंय, पण वन बीएचके भाड्याचं आहे आणि बाल्कनीला जाळी नाही. जेमतेम दोन मावतील.

तर दुसरा ट्रे पलंगाशेजारीच ठेवून रोज थोडा थोडा सरकवावा, की पहिल्यापासून हॉलमध्ये ठेवावा? आणि कापसाच्या गादीतला वास कुणाचा खरंच गेलाय का, की ती टाकूनच द्यावी लागते?