मदत हवी आहे: ओव्हरव्होल्टेजला ब्रेकर पडायच्या आधी फ्यूजच उडतोय (घरी बांधलेलं विमान)

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत डेटनजवळ राहतो आणि गेली सहा वर्षं गॅरेजमध्ये आरव्ही-९ए हे दोन सीटचं विमान बांधतोय. (दोन्ही गाड्या सहा हिवाळे बर्फात उभ्या आहेत, त्यावर घरात बरंच बोललं जातं.) इथे निम्म्याहून जास्त काम हौसेखातर स्वतः केलेलं असेल तर 'एक्सपेरिमेंटल' वर्गात असं विमान उडवता येतं. पत्रा झाला, रिव्हेट झाले, लायकॉमिंगचं ओ-३२० इंजिन बसलं. वायरिंगला मात्र अडलोय. पेशाने सॉफ्टवेअरवाला. विजेचं ज्ञान म्हणाल तर नाशिकच्या घरातल्या चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजपर्यंत. तो उडाला की बाबा वायरीतला एक पेड सोलून तिथे गुंडाळायचे आणि आई लांबूनच 'मेन बंद केलाय ना' म्हणून विचारायची.

मांडणी अशी आहे. १४ व्होल्टची सिस्टिम, ६० अँपिअरचा अल्टरनेटर, त्याचं व्होल्टेज काबूत ठेवणारा रेग्युलेटर बाहेर वेगळा. मेन बस म्हणजे गाडीत असतो तसा पात्यांच्या फ्यूजचा ब्लॉक, पॅनलच्या मागे, उडताना हात पोचणार नाही अशा जागी. पॅनलवर ब्रेकर एकच, अल्टरनेटरच्या फील्डसाठी (आतलं चुंबक तयार करणारी कॉइल), ५ अँपिअरचा, हाताने ओढून बंद करता येणारा. ब्लॉकमधल्या ७.५च्या फ्यूजवरून त्या ब्रेकरपर्यंत २० गेजची वायर (गेजचा आकडा वाढला की वायर बारीक). ब्रेकरच्या पुढे 'क्रोबार' मॉड्यूल, कॅन्ससच्या बॉब नकल्स यांच्या आराखड्यावरून घरीच जोडलेलं. रेग्युलेटर बिघडून फील्डला पूर्ण दाब मिळाला तर व्होल्टेज १४.२वरून सुसाट वर जातं. १६.२ झाले की मॉड्यूलमधला एससीआर (इलेक्ट्रॉनिक स्विच) फील्डची लाइन सरळ अर्थला चिकटवतो, ब्रेकर पडतो, फील्ड गेलं की अल्टरनेटर थंड. हे झालं कागदावर.

शनिवारी चाचणी घेतली. इंजिन बंद, फक्त बॅटरी. बॅटरीचे १२.७ व्होल्टच 'जास्त' वाटायला लागतील इतका मॉड्यूलचा ट्रिमर (व्होल्टेजची मर्यादा ठरवायचा स्क्रू) उलटा फिरवला. टक्, असा बारीक आवाज आला. ब्रेकरकडे बघतो तर बटण आतच, ढिम्म. ब्लॉकमध्ये मात्र तपकिरी फ्यूजच्या आतली कमान मधोमध गायब आणि प्लॅस्टिक आतून काळवंडलेलं. तीनदा केलं, तीन फ्यूज गेले.

आता काय करू? फ्यूज १५चा घालू? जुन्या सेसनासारखी सगळीकडे ब्रेकरांची रांगच लावू? की राहू दे तसंच, अल्टरनेटर तर बंद झालाच ना? आणि एक बावळट प्रश्न: रेडिओ आणि स्क्रीनचे फ्यूज मुद्दाम कमी अँपिअरचे घातले तर ओव्हरव्होल्टेजला ते आधी उडून उपकरणं वाचतील का?

- गॅरेजकर


चकलीबहाद्दर:
मदत शून्य, पण वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या गच्चीवर होईल का हो असं विमान?

टवाळ_कार्टं:
मुंबईत चारकोपच्या गच्चीवर अमोल यादवांनी बांधलंच की. सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी वेगळा धागा काढा.

ओझरकर:
३१ वर्षं विमानांच्या वायरिंगमध्ये गेली, आता निवृत्त. आमची विमानं फार मोठी, पण वायर ती वायरच.

बावळट म्हणालास तोच प्रश्न आधी घेतो, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. फ्यूज काय आणि ब्रेकर काय, व्होल्टेज दोघांनाही दिसत नाही. दोघांना कळते ती फक्त अँपिअरची उष्णता, आणि दोघं असतात ते वायर वाचवायला, पेटीतलं उपकरण वाचवायला नव्हे. साध्या दिव्याचा करंट १४.२वरून १६.२ व्होल्टला फार तर १४-१५ टक्के वाढेल. तेवढ्यावर पात्याचा फ्यूज तासन् तास निवांत बसतो. आणि तुझ्या स्क्रीनमध्ये स्विचिंग सप्लाय असणार, लागेल तेवढीच शक्ती ओढणारा. त्याला मिळणारं व्होल्टेज वाढलं की करंट उलट कमी होतो! म्हणजे आत कपॅसिटर फुटायच्या बेतात असतील आणि फ्यूज मजेत असेल. म्हणून व्होल्टेज बघणारा वेगळा पहारेकरी लागतो, तो तुझा क्रोबार. तो व्होल्टेजचं दुखणं मुद्दाम करंटच्या दुखण्यात बदलतो, म्हणजे ब्रेकरला ते कळतं.

आता फ्यूज आधी का उडाला. बसपासून ब्रेकर, स्विच, मॉड्यूल आणि अर्थपर्यंत किती वायर आहे?

गॅरेजकर:
काका, सगळी मिळून साधारण १० फूट. २० गेज.

ओझरकर:
मग वायरीचा रोध झाला ०.१ ओहम. ब्रेकर आणि सांधे धरून ०.१३ म्हणू. १२.७ भागिले ०.१३, म्हणजे शंभराच्या आसपास अँपिअर. हा करंट फ्यूज आणि ब्रेकर दोघांतूनही एकाच वेळी वाहतो. ब्रेकरमध्ये दोन धातूंची पट्टी आधी तापणार, मग वाकणार, मग खटका सुटणार, मग संपर्क उघडणार. फ्यूजमध्ये एक पातळ पट्टी वितळली की खेळ खलास. ७.५ आकडा ५पेक्षा मोठा आहे म्हणून फ्यूज मागून उडेल असं तुला वाटलं. थोडासाच जादा करंट असता तर ते खरंही ठरलं असतं. थेट शॉर्टमध्ये अँपिअरचा आकडा बघायचा नाही, कोण किती वेळ घेतो ते बघायचं.

'तसंच राहू दे' नको. क्रोबार कधीकधी खोटा बोंबलतो, एखादी मोटर किंवा स्ट्रोब (लुकलुकणारा दिवा) चालू-बंद होताना लाइनवर व्होल्टेज क्षणभर उसळतं तेव्हा. ब्रेकर पडला तर एकदा, फक्त एकदा, दाबून बघता येतो. पुन्हा पडला की हात लावायचा नाही, बॅटरीवर जवळचं विमानतळ गाठायचं. पॅनलमागचा फ्यूज उडाला तर ती एक संधीही गेली.

१५चा फ्यूज घालायचा तर वायर १४ गेजची हवी, अमेरिकेच्या विमान नियामकाच्या, एफएएच्या, ४३.१३ पुस्तिकेतला तक्ता बघ. २० गेजला त्यात ब्रेकर ७.५ आणि फ्यूज ५ दिलाय, म्हणजे तुझा फ्यूज तसाही एक पायरी वर आहे.

त्यापेक्षा वडिलांनी केलं तेच कर. तिथे फ्यूज नको, फ्यूजची तार घाल. २० गेजच्या वायरीच्या सुरुवातीला, बसच्या बोल्टपाशी, चार गेज बारीक म्हणजे २४ गेजचा सहा इंचांचा तुकडा जोड आणि त्यावर फायबरग्लासची नळी चढव. शंभर अँपिअर क्षणभर गेले तर २४ गेजची तार गरम होईल, वितळणार नाही, तेवढ्यात ब्रेकर पडलेला असेल. बस आणि ब्रेकरच्या मधे वायर कुठे घासून अर्थला लागली तर मात्र तीच आधी जळेल, नळीच्या आत. वडिलांनी चार गेज मोजले नसतील, तू मोज.

बेळगावी_तार:
माफ करा, पण वाचवायसाठी मुद्दाम शॉर्ट करायचं हे मला पचत नाही. व्होल्टेज वाढलं की रिले (विजेवर चालणारा स्विच) उघडून फील्ड तोडा, शंभर अँपिअरचा तमाशा कशाला?

ओझरकर:
आम्हीही सुरुवातीला हेच म्हणायचो. रिले चालतो, वाईट नाही. पण त्याचे संपर्क रोज, प्रत्येक उड्डाणात फील्डच्या ओळीत बसणार. ते खराब झाले तर धडधाकट अल्टरनेटर बंद पडेल, आणि चिकटले तर नेमक्या वेळी उघडणार नाहीत. क्रोबार बाजूला उभा असतो, काम पडेपर्यंत कशालाच हात लावत नाही. तमाशा म्हणाल तर सेकंदाच्या छोट्याशा भागाचा.

बेळगावी_तार:
पटलं असं नाही, पण समजलं. एक शंका मात्र आहे. गाडीचा, रेग्युलेटर आतच असलेला अल्टरनेटर असेल तर?

ओझरकर:
तर हे सगळं फुकट. त्यातल्या बऱ्याच जणांमध्ये आतला रेग्युलेटर फील्डला जाड आउटपुटच्या बोल्टवरूनच वीज देतो. बाहेरची बारीक वायर तोडली तरी बिघडलेला अल्टरनेटर थांबत नाही. तिथे जाड वायरीवरच कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा रिले, लागतो. आणि तो चालू अल्टरनेटरवर उगाच उघडला तर त्या झटक्यात चांगला रेग्युलेटरही मरू शकतो. गॅरेजकर, तुझा बाहेरचा आहे, तू सुटलास.

पर्थचा_पंत:
माझ्याकडे रोटॅक्स ९१२ इंजिन आहे. त्यात कायम चुंबकाचा जनरेटर, तोडायला फील्डच नाही. म्हणून व्होल्टेज वाढलं की रिले जनरेटरकडून रेग्युलेटरकडे येणारी एसी बाजू तोडतो. बेळगावकरांनी खूश व्हावं. गॅरेजकर, बॅटरी लिथियमची असेल तर जास्तच जपा. व्होल्टेज वाढलं की तिचं बीएमएस (बॅटरीतली राखणदार सर्किट) बॅटरीला लाइनपासून तोडू शकतं, मग व्होल्टेज दाबून धरायला बॅटरीच उरत नाही.

गॅरेजकर:
बॅटरी साधी, शिशाची आहे. पंत, आभार.

काल रात्री काकांनी सांगितल्याप्रमाणे केलं. २४ गेज, सहा इंच, नळी, बसच्या बोल्टला गोल लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी). ट्रिमर फिरवला तर या वेळी आवाजच वेगळा, टपोरा 'टॅक'. ब्रेकरचं बटण बाहेर आणि त्याची पांढरी कड दिसतेय! पाचदा केलं, पाचही वेळा ब्रेकरच. तुकडा काढून बघितला, इन्सुलेशन जसंच्या तसं. बाकीच्या फ्यूजांना हात लावला नाही, सगळीकडे ब्रेकरांची रांग लावायचा विचार सोडला. रविवारी ईएएचे (हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना) टेक्निकल काउन्सेलर बघायला येणार आहेत, त्यांना ही जागा आधी दाखवतो.

ओझरकर:
लग क्रिम्प केलास, म्हणजे दाबून बसवलास, की सोल्डर?

गॅरेजकर:
क्रिम्प. ओढून बघितलाय.

ओझरकर:
बरं. आणि ट्रिमर परत १६.२वर आणलास ना? नाहीतर पहिल्याच दिवशी इंजिन सुरू झालं, अल्टरनेटर १४वर आला की ब्रेकर पडेल आणि मला शिव्या घालशील.

गॅरेजकर:
आणला. बेंच सप्लायवर तीनदा बघितलं, १६.२लाच पडतो. स्क्रू हलू नये म्हणून वर बायकोच्या नेलपॉलिशचा थेंब टाकलाय, लाल. बाटली गॅरेजमध्येच राहिली आहे, हे ती आत्ता शोधायला लागली तेव्हा लक्षात आलं.