कंत्राटदाराच्या घराचा हिशेब वर्षाचा असावा की रोजचा?

डिचोलीचा कंत्राटदार (मूळ मत):
गेली अठरा वर्षे मी डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत घरबांधणीची लहान कंत्राटे घेतो. मुकादम, गवंडी, सेंटरिंगवाले आणि हेल्पर मिळून माझ्याकडे चौदा माणसे आहेत, आणि कार्यालय म्हणजे घराचीच पुढची खोली. 'कामाइतकाच वेळ घराला द्या' हा उपदेश मला वारंवार ऐकावा लागतो. तो महिन्याचा पगार घेणाऱ्यांच्या घड्याळावर बेतलेला आहे, असे माझे मत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्याचा पाऊस बाहेरचे काम धड करू देत नाही, त्यामुळे पाया, चिऱ्यांच्या भिंती आणि स्लॅब हे सारे उरलेल्या आठ महिन्यांत उरकावे लागते. स्लॅबचे काँक्रीट एकदा ओतायला घेतले की मध्येच सोडता येत नाही, कारण जिथे थांबाल तिथे सांधा राहतो आणि पुढे तिथूनच पाणी झिरपते. मग त्या दिवशी मुलीचे स्नेहसंमेलन असले तरी माझा नाइलाज असतो. म्हणून आमच्या घराचा हिशेब वर्षाचा आहे: आठ महिने कामाचे, चार महिने घराचे. शेतकऱ्याच्या घरी हे कोणी गैर मानत नाही. आमच्याच घरी का मानावे?

फोंड्याची एक गृहिणी:
माझे यजमान याच व्यवसायात आहेत, म्हणून लिहिते. 'चार महिने घराचे' हे वाचून हसू आले. जून उजाडला की मागच्या पाच वर्षांत बांधलेली प्रत्येक गच्ची आमच्या फोनवर गळू लागते. त्यानंतर चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते, आणि चवथीपूर्वी घराला रंग लागलाच पाहिजे हा प्रत्येक गोंयकाराचा हट्ट असल्यामुळे श्रावणात पाऊस जरा उघडला की यजमान दिसेनासे होतात. गेल्या वर्षी आमची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, मी आणि धाकट्या दिरांनी बांधली. यजमान त्या वेळी दुसऱ्याच्या देवघराला शेवटचा हात देत होते.

तरीही माझी तक्रार वेळेची नाही. आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आहे, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पतीपत्नीची मालमत्ता समाईक असते. त्यामुळेच १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५अ घातले गेले, आणि पगार वगळता धंद्याचे उत्पन्न दोघांच्या नावे निम्मे निम्मे दाखवले जाते. म्हणजे यजमानांच्या कंत्राटाचा अर्धा नफा दरवर्षी माझ्या विवरणपत्रात येतो, त्यावर मी सही करते, परंतु कोणते काम कोणत्या दराने घेतले हे मला शेजारणीकडून कळते. अर्धा हिस्सा माझा असेल, तर तिसरे काम अंगावर घ्यावे की नाही हे मला आधी विचारायला नको का?

म्हापशाचा कंत्राटदार:
वहिनी, तुमच्याबद्दल आदर राखून असहमती नोंदवतो. उत्पन्नाची ही निम्मी विभागणी कर आकारण्याची सोय आहे. तिने कारभाराचा अधिकार मिळत नाही. त्याच संहितेने समाईक मालमत्तेचा कारभार पतीकडे दिला आहे, आणि पत्नीची संमती लागते ती घर किंवा जमीन विकण्यासारख्या व्यवहारांना. हे आजच्या काळाला शोभते की नाही, तो वेगळा वाद आहे. माझा मुद्दा व्यवहाराचा आहे. ग्राहक रात्री नऊ वाजता फोन करून 'उद्या येता का' असे विचारतो, तेव्हा घरी विचारून सांगतो म्हणणाऱ्याचे काम सकाळपर्यंत दुसऱ्याकडे गेलेले असते.

फोंड्याची एक गृहिणी:
भाऊ, घर तारण ठेवून बँकेकडून उचल घेताना माझीच सही लागली होती, आणि ती मागायला रात्री नऊ वाजताच सगळे आले होते. त्या वेळी कोणालाही घाई नव्हती. मी कागद वाचेपर्यंत सगळे चहा पीत थांबले.

निवृत्त अभियंता, पणजी:
माझी नोकरी सरकारी बांधकामांवर देखरेख करण्यात गेली, त्यामुळे मी दोघांच्याही मतापासून जरा बाजूला उभा आहे. लहान कंत्राटदाराला घरापासून तोडते ती उधारी. मजुरी दर शनिवारी रोख द्यावी लागते, चिरे आणि सिमेंटवाला फार तर महिनाभर थांबतो. बिल मात्र मोजमाप, तपासणी आणि मंजुरी यांतून सावकाश सुटते, शिवाय अनामत रक्कम दोष-दायित्वाचा काळ, म्हणजे कामातले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत अडकून राहते. मग दुसऱ्या कामाची मजुरी भागवण्यासाठी तिसऱ्या कामाची आगाऊ रक्कम घेतली जाते, आणि तिसरे काम पुरे करायला चौथे शोधले जाते. या साखळीत सापडलेला माणूस पावसाळ्यातही मोकळा नसतो आणि रविवारीही नसतो. वर्षाचा हिशेब तीन महिन्यांची मजुरी बँकेत शिल्लक असलेल्यालाच मांडता येतो. मूळ मत मांडणाऱ्यांकडे ती आहे का, हे त्यांनी सांगावे.

डिचोलीचा कंत्राटदार:
नाही. जेमतेम पाच आठवड्यांची आहे, तीही मुकादमाने गावी जाताना उचल मागितली नाही तर. आगाऊ रकमेची जी साखळी वर सांगितली, ती मी इतकी वर्षे 'काम जोरात चालले आहे' या नावाने ओळखत होतो. शेतकऱ्याशी तुलना करताना मी एक गोष्ट विसरलो, हेही कबूल करतो: शेतात कधी काय पेरायचे, हे माझ्या आजीला विचारल्याशिवाय ठरत नसे.

स्लॅबच्या दिवसाबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. तो दिवस माझाच राहील. उद्या मला सत्तरीतल्या होंडा गावच्या एका बंगल्याचे दरपत्रक द्यायचे आहे. ते आज प्रथमच पत्नीच्या हाती दिले. तिने दर पाहिले नाहीत. यातली आगाऊ रक्कम आधीच्या कोणत्या कामात जाणार, एवढेच विचारले. पर्ये गावच्या कामात, जवळजवळ सगळी, असे मला सांगावे लागले. कागद अजून तिच्याकडेच आहे.

म्हापशाचा कंत्राटदार:
डिचोलीकर, तुमच्या घरच्या वहिनी नको म्हणाल्या तर तो बंगला मी पाहीन, आनंदाने. परंतु मग तुमची चौदा माणसे मे महिन्यापर्यंत कोणत्या कामावर ठेवणार, तेही त्यांनाच विचारून कळवा. कारण ती एकदा दुसऱ्याच्या साइटवर गेली की पावसाळ्यानंतर तुमच्याकडे परत येत नाहीत.