प्लॅस्टिकच्या खुर्चीला फर्निचर म्हणायचं की नाही?

बैठकवाला:
परवा रंधा यांनी लिहिलं, "प्लॅस्टिकचं ते फर्निचरच नव्हे, तो घरात मांडलेला कचरा. पिवळी पडलेली खुर्ची व्हिंटेज म्हणून विकणारे लुटारू आणि घेणारे बावळट." खाली टाळ्याच टाळ्या. तिथे उत्तर लांबायला लागलं म्हणून हा धागा.

अहो, लाकडाला जे जमत नाही ते करायला डिझायनर मंडळी प्लॅस्टिककडे वळली, स्वस्तात उरकायला नव्हे. डॅनिश डिझायनर पँटनची १९६७ सालची खुर्ची बघा. मागचे पाय नाहीत, एक सांधा नाही, पाठीपासून जमिनीपर्यंत एकच वळण. सागवानात करून दाखवा! अमेरिकन ईम्स जोडप्याच्या १९५०च्या खुर्चीत फायबरग्लासचे धागे उघड दिसतात, लपवाछपवी नाही. अ‍ॅक्रिलिक हे काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक, ते तर लढाऊ विमानांच्या कॉकपिटवरून दिवाणखान्यात आलं. जपानी डिझायनर कुरामाताच्या १९८८च्या 'मिस ब्लांश' खुर्चीत नकली गुलाब अ‍ॅक्रिलिकमध्ये अधांतरी थिजलेत. हाही कचरा?

रंधा:
बावळट शब्द माझाच, मागे घेत नाही. पँटनचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं. सत्तरच्या दशकात ती ज्या प्लॅस्टिकमध्ये ओतायचे ते कालांतराने ठिसूळ होऊन मोडायला लागलं, म्हणून १९७९ साली उत्पादन थांबवावं लागलं. हे सोयीस्कर गाळलंत. आमच्या आजोबांच्या शिसवी आरामखुर्चीचा वेत बदलला, हात निखळला तो सुताराने खुंटी मारून बसवला, वडील आजही तीतच पेपर वाचतात. तुमची तडकली की काय, एम-सील?

मोल्डिंगवाला:
भोसरीत मशीनवर निम्मा जन्म गेलाय म्हणून बोलतो. तुम्ही दोघंही 'प्लॅस्टिक' असं म्हणताय जणू सगळं एकच. पिवळं पडतं ते एबीएस नावाचं प्लॅस्टिक, उन्हाने त्यातला रबराचा अंश खराब होतो. अ‍ॅक्रिलिक सहसा पिवळं पडत नाही आणि त्यावरचा चरा घासून पॉलिश करून काढता येतो. रंधासाहेब, याला दुरुस्तीच म्हणतात. आणि फ्रेंच डिझायनर स्टार्कच्या २००२च्या 'लुई घोस्ट' या पारदर्शक खुर्चीला अ‍ॅक्रिलिक म्हणणं बंद करा रे, ते पॉलिकार्बोनेट, वेगळंच प्लॅस्टिक आहे.

फटकळ_काकू:
अ‍ॅक्रिलिकचं कौतुक करणाऱ्याला माझ्या स्वयंपाकघरात पाठवा. इंटिरिअरवाला म्हणाला, मॅडम, अ‍ॅक्रिलिक शटर लावू, आरशासारखं दिसेल. दिसतं ना! प्रत्येक बोटाचा ठसा दिसतो. कामवालीने तारेची घासणी फिरवली आणि गॅसशेजारच्या दारावर कोळ्याचं जाळं उमटलं. सिंकखालचा एजबँड, म्हणजे दाराच्या कडेची पट्टी, सुटून लोंबतोय तो वेगळाच.

मोल्डिंगवाला:
काकू, ते बोर्डावर चिकटवलेलं पातळ शीट असतं. एजबँड सुटला हा चिकटवणाऱ्याचा दोष. काच पुसायचा स्प्रे मारता का? अमोनिया, स्पिरिट लागलं की बारीक तडे जातात. सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं, बस्स.

फटकळ_काकू:
म्हणजे दोष माझाच! स्वयंपाकघर आहे की प्रयोगशाळा? फोडणी टाकू की फडकं शोधू?

उंटावरचा:
आमच्याकडेही तेच, वर रंग काळा. पीठ मळायची सोय राहिली नाही. पीयू (पॉलियुरेथेन) पेंट करा, बरा पडतो.

फटकळ_काकू:
पीयूचे टवके माझ्या बहिणीकडे बघून आले. पुढचा बोला.

सोलापूरकर:
डेन्मार्क-जपान झालं असेल तर मांडवातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बोला. मासोने नावाच्या फ्रेंच माणसाने १९७२ साली अख्खी एकाच साच्यातून काढली, तिचीच ही भावंडं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराने १९९८ ते २००८ ती सार्वजनिक जागेत चालू दिली नाही, शहराची शोभा जाते म्हणून. आणि तिथूनच हाकेच्या अंतरावर, हद्दीपलीकडे जर्मनीतल्या व्हिट्रा डिझाइन म्युझियमने २०१७ साली तिचंच प्रदर्शन मांडलं! आमच्याकडे आधी बोटं चिमटणाऱ्या लोखंडी घडीच्या खुर्च्या होत्या, त्याआधी सतरंजी. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांना विचारा कचरा कोणता ते.

रंधा:
तिचेच मागचे पाय फाकून आमचे मामा भर पंगतीत आडवे झाले होते. तेही विचारतो.

बैठकवाला:
किचनवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा. रंधा, शिसवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७पासून 'साइट्स' या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या नियंत्रणाखाली आहे. आजोबांनी घेतली, ठीक. तुम्ही स्वतः काय घेतलंत? घरात पार्टिकल बोर्डाचा वॉर्डरोब असेल, वर सागाच्या रेषा छापलेला कागद. खोटेपणा तो. पारदर्शक खुर्ची निदान आव तरी आणत नाही.

रंधा:
वॉर्डरोब बायकोने घेतला. आणि वैयक्तिक व्हायचं काम नाही. बरं, तुमच्या समाधानासाठी कुरामाता मान्य, पण तो काचपेटीत ठेवायला. त्यावर बसून सिनेमा बघा एकदा, मग बोलू.

बैठकवाला:
उपकार झाले.

फटकळ_काकू:
ते राहू द्या. शटर काढून सनमायका लावायला चौरस फुटाला काय पडतं, सांगा कुणीतरी. ठसे न दिसणारा हवा.