अक्षर 'काढणे', 'गिरवणे' की 'वळण'?

शनिवारची_शाळा: मंडळाच्या मराठी वर्गातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी एक पान करतेय. 'लेटर फॉर्मेशन'ला मी 'अक्षराचं वळण' लिहिलं. सोबतच्या बाई म्हणाल्या, वळण म्हणजे हस्ताक्षराची धाटणी. इथे सांगायचंय ते रेघ कुठून सुरू करून कुठे न्यायची. मग कोणता शब्द? आणि 'फोनिक्स'ला, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवतात त्याला?

बोरूबहाद्दर: गिरवणे. मिटलं.

मोरपीस: कसं मिटलं? गिरवायला खाली कुणीतरी आधी काढलेलं अक्षर लागतं. कोऱ्या पाटीवर काय गिरवणार? आमची आजी म्हणायची, "याला अजून धड 'क' काढता येत नाही." 'अक्षर कसं काढावं' लिहा, ताई.

बोरूबहाद्दर: काढायला ते काय दात आहेत? 'कित्ता' वापरा, अस्सल मराठी.

तळटीप: अस्सल? कित्ता अरबी-फारसीतला. मूळ अर्थ तुकडा.

बोरूबहाद्दर: असेल. आता घरचाच झाला.

तळटीप: मग फोनिक्सनेच काय घोडं मारलंय?

निवृत्त_बाई: पहिलीच्या वर्गावर जन्म गेला माझा. आम्ही 'काढा'च म्हणायचो. आधी गोल, मग दांडी, डोक्यावरची रेघ शेवटी. हल्ली मुलं रेघ आधी मारतात आणि खाली अक्षरं लोंबकळवतात.

तळटीप: बाई, मोडीत तेच करत. पानभर रेघ आधी आखून घ्यायची, मग अक्षरं.

निवृत्त_बाई: मोडी कारकुनांची होती, सहा वर्षांच्या पोरांची नाही.

शनिवारची_शाळा: फोनिक्सचं राहिलं…

मोरपीस: 'अक्षरांचे आवाज' म्हणा. पण एक अक्षर एक आवाज असं मुलांना सांगू नका, फसाल. 'चहा'तला च वेगळा, 'चमच्या'तला वेगळा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, लिहायला एकच. माझा परदेशात वाढलेला भाचा 'चमचा' अगदी 'चहा'सारखा म्हणतो आणि आम्ही हसलो की पुस्तक दाखवतो.

बोरूबहाद्दर: म्हणून तर बाराखडी घोकून घ्यावी. खडीने पाटीवर बारा अक्षरं, म्हणून बाराखडी.

तळटीप: खडूचा काही संबंध नाही हो. ती 'अक्षरी'ची झीज आहे, द्वादशाक्षरी. आणि आता ॲ, ऑ धरून चौदाखडी म्हणतात.

बोरूबहाद्दर: बॅट-बॉलसाठी बाराखडी वाढवायची! उद्या सोळाखडी करा.

निवृत्त_बाई: 'बॅट' मुलगा रोज हातात धरतो, लिहायची नाही का त्याने? शब्दाच्या सुरुवातीला ण आणि ळ मिळत नाहीत तेव्हा आम्ही 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा' केलंच. आवाज शेवटी ऐकायचा, एवढंच. तुमच्या फोनिक्सचं निम्मं तिथेच होतं, नाव नव्हतं.

मोरपीस: आमच्याकडे 'भ भटजीचा' होता. तुमच्याकडे?

तळटीप: भोपळ्याचा.

बोरूबहाद्दर: भटजीचाच. भोपळा नंतर आला.

शनिवारची_शाळा: मंडळी, पान उद्या छापायला द्यायचंय. तूर्त मथळ्यात देवनागरीत 'लेटर फॉर्मेशन'च ठेवतेय, खाली 'अक्षर काढताना'.

निवृत्त_बाई: ठेवा. पण 'लेटर'मधला ल तेवढा पाकळीचा घ्या, दांडीचा नको. 2022चा जीआर आहे.

बोरूबहाद्दर: दांडीचा ल वाईट काय आहे, मी म्हणतो?