पाठीवरची जांभळी वर्तुळे नेमके काय सांगतात? चिनी पारंपरिक उपचारांतील कपिंगविषयी

मधुमालती
नमस्कार. मान आणि उजवा खांदा यांच्यामधल्या पट्ट्यात मला जवळपास दोन वर्षांपासून दुखणे आहे. क्ष-किरण तपासणीत गंभीर काही निघालेले नाही. व्यायामाने बरे वाटते, पण काम वाढले की दुखणे पुन्हा डोके वर काढते. म्हणून गेल्या महिन्यापासून मी चिनी पारंपरिक पद्धतीने उपचार करणाऱ्या एका बाईंकडे जात आहे. त्या आधी जीभ पाहतात, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी पाहतात, मग सुया लावतात आणि शेवटी पाठीवर आठ-दहा काचेचे कप लावून दहा मिनिटे ठेवतात. त्या वेळी दुखत असे नाही, पण पाठीची कातडी कोणीतरी मुठीत धरून ठेवली आहे असे वाटत राहते. नंतरचे दोन दिवस मान खरोखर हलकी वाटते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

उजव्या खांद्यावरचे वर्तुळ दर वेळी काळपट जांभळे उमटते, तर डावीकडचे फिकट गुलाबी. त्यावरून बाईंचे म्हणणे असे की उजवीकडे रक्त साकळले आहे, आणि पुढच्या खेपेस तिथे बारीक टोचून त्यावर कप लावला की खराब रक्त बाहेर पडेल. रंगावरून असे काही खरोखर कळते का? आणखी एक गोष्ट म्हणजे हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मी रोज कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन घेते. बाईंनी औषधांविषयी कधी विचारले नाही आणि माझ्याकडूनही सांगायचे राहून गेले.

वेणुवन
मी हीच पद्धत शिकलो असून गेली अनेक वर्षे तिच्यावरच माझा चरितार्थ चालतो, तेव्हा माझा कल कुठे असेल हे आधीच गृहीत धरावे. सर्वांत आधी अ‍ॅस्पिरिनविषयी: ती सांगितल्याशिवाय पुढच्या खेपेस टोचून घेऊ नका. विचारण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्याची होती, आणि ती पार पडली नाही हे मला मुळीच आवडलेले नाही.

आता पद्धतीविषयी. चिनी भाषेत हिला ‘बाग्वान’ म्हणतात, पण जुने नाव शिंगावरून आलेले आहे, कारण सुरुवातीला पोकळ शिंगेच वापरली जात. हूनान प्रांतातील मावांगद्वी येथे १९७३ साली उघडलेल्या, इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेला वैद्यकीय मजकूर सापडला आणि त्यात मूळव्याधीवर शिंग लावण्याचा उल्लेख आहे. पुढे बांबूचे आणि नंतर काचेचे कप आले. मराठीत आपण तुंबडी लावणे म्हणतो ते याच कुळातले (तुंबडी भरण्याचा वाक्प्रचार आमच्या धंद्यातल्या काहींना फारच लागू पडतो, ते असो).

या वैद्यकाचे एक जुने सूत्र आहे: वाट मोकळी असेल तर वेदना नाही, वेदना असेल तर वाट अडलेली आहे. ‘ची’, म्हणजे अंगात वाहणारी जीवनशक्ती, आणि रक्त अडले, किंवा थंडी आणि ओल अंगात शिरून बसली, की दुखणे येते, आणि कपाच्या ओढीने ती अडचण वर खेचून मोकळी करायची, अशी कल्पना. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी मूत्राशयाची नाडी (मनगटावरची नव्हे, तर या वैद्यकाने मानलेली ‘ची’ची वाट) खाली उतरते, म्हणून कपांची रांग बहुधा तिथे लागते. कप जागेवर ठेवणे हा एकच प्रकार नाही. तेल लावून कप सरकवत नेतात, लावून लगेच काढत राहतात, आणि टोचून रक्त काढण्याचाही प्रकार आहे, पण तो प्रत्येक दुखऱ्या मानेसाठी नाही. वर्तुळाचा रंग मी पाहतो. मात्र जीभ, नाडी आणि रुग्णाचे म्हणणे बाजूला ठेवून नुसत्या रंगावर मी काहीही ठरवत नाही.

अर्धविराम
मी आधुनिक वैद्यकाचा डॉक्टर आहे. कप लावण्याआधी चिमट्यातला अल्कोहोलचा पेटता बोळा क्षणभर आत फिरवतात, तेव्हा आतली हवा तापून पसरते आणि थोडी बाहेर निसटते. कप त्वचेवर टेकला की उरलेली हवा निवते, दाब कमी होतो आणि कातडी वर ओढली जाते. आग प्राणवायू खाते म्हणून पोकळी होते असे सर्रास सांगितले जाते, पण मुख्य काम तापण्या-निवण्याचे आहे, आणि हातपंपाच्या प्लास्टिकच्या कपांत तर आग लागतच नाही. या ओढीने त्वचेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आजूबाजूला झिरपते. म्हणजे ते वर्तुळ हा रक्ताचा डागच असतो. शरीर त्यातले हिमोग्लोबिन मोडते, म्हणून तो जांभळ्यावरून हिरवट-पिवळा होत साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत नाहीसा होतो. त्यात विषारी द्रव्ये नसतात, आणि टोचून निघणारे रक्तही बाकीच्या अंगात फिरते तेच असते.

रंगाचा गडदपणा ओढ किती होती, कप किती वेळ राहिला, तिथली त्वचा कशी आहे आणि तुम्ही कोणती औषधे घेता यांवर ठरतो. दुखऱ्या बाजूला कप जरा जोरात लावण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, तेव्हा पुढच्या वेळी दोन्ही खांद्यांना सारखीच ओढ आणि सारखाच वेळ दिला जातो का ते पाहा. अ‍ॅस्पिरिनमुळे बिंबिकांची, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्सची, चिकटण्याची क्षमता घटते आणि तो परिणाम त्या बिंबिकांच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस टिकतो. त्यामुळे आदल्या दिवशीची गोळी चुकवून काहीही साधत नाही, उलट हृदयाला धोका संभवतो. कपिंगसाठी ती परस्पर थांबवू नका.

उपयोग होतो का, याचे उत्तर जरा अडचणीचे आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १३५ चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. निष्कर्ष अनुकूल दिसले, पण बहुतेक चाचण्यांची रचना सदोष होती. फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराच्या, १४१ रुग्णांवरील २०१६ सालच्या चाचणीत काहींना बारीक भोक पाडलेले, ओढ लगेच नाहीशी होणारे कप लावले होते. नेहमीच्या उपचारांपेक्षा कपिंगने बरे वाटले, मात्र खरे कप आणि भोकाचे कप यांत फरक दिसला नाही.

वेणुवन
ती चाचणी मला ठाऊक आहे. एकाच दुखण्यावरच्या एका चाचणीने सगळी पद्धत निकालात काढता येत नाही. शिवाय भोकाचा कपही काही क्षण ओढतोच, त्वचेला स्पर्श होतो, माणूस शांत पडून राहतो, आणि यातले नेमके काय कामी येते हे वेगळे काढणे अवघड आहे. पण ‘विष बाहेर पडते’ हे वाक्य आमच्याच लोकांनी प्रचारात आणले, हे मी मान्य करतो. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर ही वर्तुळे दिसल्यापासून तर ते फारच ऐकू येते.

रानवाट
वरच्या चर्चेत एक व्यावहारिक बाजू राहिली आहे. मला एकदा भाजले होते. बोळ्यातून अल्कोहोल ठिबकत होते, तसाच तो कपात फिरवला आणि तापलेली कड पाठीवर टेकली. वर तो कप अर्धा तास तसाच राहिला, कारण उपचार करणारे दुसऱ्या रुग्णाकडे गेले होते. पाण्याने भरलेला फोड आला, तो फुटला, आणि रुपयाएवढा डाग आजही आहे. तेव्हापासून मी बोळा पिळून घेतला आहे का, ज्योत कपाच्या तळाकडे जाते की कडेला लागते, आणि कप काढताना कडेजवळची कातडी बोटाने दाबून हवा आत सोडतात की नुसता उपटतात, हे पाहते. टोचण्याचे पाते माझ्यासमोर नवे फोडले जात नसेल, तर मी उठून येते.

अर्धविराम
टोचून लावलेल्या कपात रक्त येते, त्यामुळे पाते नवे असून भागत नाही. कपही एकतर एकदाच वापरायचा असावा किंवा नीट निर्जंतुक केलेला असावा. तुम्हाला सोरायसिस हा त्वचेचा आजार असेल तर कप लावलेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात. आणि हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल झाली असेल, तर कपिंगच्या आधी मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांना दाखवा.

मधुमालती
सर्वांचे आभार. सोरायसिस नाही आणि मुंग्याही येत नाहीत. आज बाईंना फोन करून अ‍ॅस्पिरिनविषयी सांगितले. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या की टोचणे रद्द करू आणि कपही पाचच मिनिटे, कमी ओढीने ठेवू. त्यांनी वाद घातला नाही, त्यामुळे सध्या मी त्यांच्याकडेच जाणार आहे. हृदयरोगतज्ज्ञांची भेटही मागितली आहे. दोन्ही खांद्यांवर सारखेच कप लावायला सांगितले आहे. काय उमटते ते इथे लिहीन.