२०० डॉलर आणि एकच खरेदी: फ्रिज, केग की तांब्याचं वेटोळं?

बादलीबहाद्दर (ह्यूस्टन)
घरी बिअर करायला लागून दीड वर्ष झालं. पाच गॅलनचं पातेलं, दोन प्लॅस्टिकच्या बादल्या, हायड्रोमीटर आणि बाटल्यांना बूच ठोकायचं यंत्र, एवढीच दौलत. अकरा घाणे काढले. चार झकास, पाच पिण्यासारखे, दोन थेट मोरीत. आता बायकोने २०० डॉलर मंजूर केलेत, वर एक सेंट नाही. जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक घेऊ, केग (बिअर साठवून तोटीने काढायची धातूची टाकी) घेऊ, की उकळलेला वर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोड काढा) पटकन गार करायचं तांब्याचं वेटोळं? माझा कल केगकडे आहे. बाटल्या धुऊन जीव जातो.

आंबटशौकीन
मोरीत गेलेले दोन घाणे कधीचे? आणि वास कसला येत होता?

बादलीबहाद्दर
दोन्ही जुलैतले. एकाला अतिपिकल्या केळ्याचा, दुसऱ्याला नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा. तो दुसरा एक ग्लास प्यालो तर सकाळी डोकं धरून बसलो. बादली घरातच होती, एसी २५ वर.

आंबटशौकीन
मग विचारताय काय, फ्रिजच घ्या. एसी २५ वर असला तरी बादलीच्या आत २५ नसतं. यीस्ट कामाला लागलं की स्वतः उष्णता सोडतं, पहिल्या दोन-तीन दिवसांत आतला पारा खोलीपेक्षा चार-पाच अंश सहज वर जातो. आपल्याला विरजणाची सवय, उबेला ठेवलं की दही छान लागतं. एल जातीच्या बिअरच्या साध्या यीस्टचं उलटं आहे, त्याला १८ ते २० हवं. केळं आणि नेलपॉलिश त्या पहिल्या ७२ तासांतच शिरतात, मागाहून काही केलं तरी निघत नाहीत. वाईट बिअर केगमध्ये भरली तर नळातून वाईट बिअर येईल, एवढाच फरक.

तोटीवाले काका
मी हेच ऐकून आधी फ्रिज घेतला होता. चव सुधारली, मान्य. पण पाच गॅलन म्हणजे १२ औंसाच्या पन्नासेक बाटल्या! प्रत्येक धुवा, निर्जंतुक करा, भरा, बूच ठोका, मग गॅस धरायला दोन आठवडे थांबा. तिसऱ्या घाण्यानंतर मी आठ महिने पातेलं माळ्यावरून काढलं नाही. केग आला आणि पुन्हा महिन्याला एक घाणा सुरू झाला. हौस टिकली तर चव सुधारेल ना! शिवाय तुम्ही गढूळ आयपीए (कडवट, सुगंधी बिअर) करत असाल तर बाटली भरताना हवा लागून तिचा रंग महिन्याभरात चहासारखा होतो. बंद केगमध्ये तो त्रास पुष्कळ कमी.

हिशेबी ताई
काका, हौस मान्य, पण बेरीज करा. केग, कार्बन डायऑक्साइडची टाकी, रेग्युलेटर, नळ्या, तोटी, वर टाकी भरून आणायचे पैसे. सगळं नवं घेतलं तर २०० त बसत नाही, जुनं शोधून जेमतेम बसवलंत तरी तो केग गार कशात करणार? ह्यूस्टनच्या गॅरेजमध्ये? केगला फ्रिज लागतोच, मग आधी फ्रिजच.

तोटीवाले काका
ताई, एकाच फ्रिजमध्ये एकाच वेळी १९ अंश आणि ३ अंश कसे ठेवायचे तेवढं सांगा. आंबवण चालू असताना केग गरम, केग गार असताना आंबवण बंद. एका फ्रिजवर भागत नाही हे मी भोगलंय.

वऱ्हाडी झटका (फिनिक्स)
कायचा फ्रिज न् कायचा केग भाऊ! घमेल्यात पाणी घ्या, त्यात बादली ठेवा, वरून जुना टी-शर्ट चढवा, त्याची खालची कड पाण्यात, समोर पंखा. माठ आहे हा, दुसरं काही नाही. माझ्याकडे उन्हाळ्यात असंच चालते.

आंबटशौकीन
तुमच्याकडे चालणारच, फिनिक्सची हवा कोरडी. नागपुरात माठातलं पाणी दाताला लागतं आणि मुंबईत मे महिन्यात तेच नुसतं कोमट. ह्यूस्टन हवेच्या बाबतीत मुंबई आहे. टी-शर्ट तिथे फक्त ओला राहील. हां, घमेल्यात बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलल्या तर जमतं, पण रात्री दोनला उठून बघायची तयारी ठेवा.

वऱ्हाडी झटका (फिनिक्स)
मग सहा डॉलरचं क्वाइक यीस्ट घ्या. नॉर्वेतल्या शेतकऱ्यांचं, व्हॉस जातीचं ३५ ते ४० अंशातच खुश असते. उरलेल्या पैशात माल्ट.

हिशेबी ताई
हे मात्र पटलं. पण त्याला संत्र्याचा वास येतो. आयपीएत छान, काळ्या स्टाउट बिअरमध्ये मला नाही आवडला.

पुणेरी कुतूहल
हे सगळं कोथरूडच्या बाल्कनीत करता येईल का?

आंबटशौकीन
परवान्याशिवाय नाही, महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९. अमेरिकेतही मोकळीक जुनी नाही, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये कायद्यावर सही केली तेव्हा मिळाली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरच्यापुरती, विकायची नाही.

बादलीबहाद्दर
वेटोळ्याबद्दल कोणीच बोललं नाही.

हिशेबी ताई
कारण तुमच्या नळाला उन्हाळ्यात २७-२८ अंशाचं पाणी येत असणार. नुसत्या त्या पाण्यावर वर्ट तिशीखाली कसा उतरणार? टबात बर्फ टाका आणि पातेलं त्यात ठेवा.

बादलीबहाद्दर
ठरलं. जवळच ६० डॉलरला एक छोटा फ्रिज मिळतोय, नियंत्रक ४० च्या आत.

आंबटशौकीन
जाताना मोजपट्टी न्या. छोट्या फ्रिजमध्ये मागे खाली काँप्रेसरचा उंचवटा असतो, बादली त्याच्यावर तिरकी बसते. वरच्या एअरलॉकसकट (गॅस बाहेर सोडणारी झडप) उंची मोजा. आणि नियंत्रकाचा सेन्सर हवेत लोंबकळत सोडू नका, बादलीच्या अंगाला चिकटवून वरून स्पंजचा तुकडा बांधा.

बादलीबहाद्दर
मोजपट्टी खिशात. उरलेले शंभर डॉलर बाजूला, केगचं दिवाळीत बघू.

तोटीवाले काका
बघा. तोवर बाटल्या धुवायला मला बोलावू नका म्हणजे झालं.