काजूच्या कामासाठी फाउंडेशनकडे नेमकं काय मागावं? (सत्तरी तालुका, गोवा) सल्ला हवा

रगाडाकाठची
नमस्कार. आम्ही सत्तरीतल्या एका गावच्या बायका. आमचा २२ जणींचा स्वयंसाहाय्य गट आहे, पण काजूचं काम त्यातल्या नऊजणीच करतात. मोसमात बी घेऊन वाळवतो, उकडतो, हाताच्या कटरवर फोडतो, साल काढून पाव-अर्ध्या किलोच्या पाकिटांत भरतो. जोडीला कोकमाची सोलां आणि आगळ (खारवलेला रस).

आमच्या भागातल्या एका जुन्या उद्योग-घराण्याच्या फाउंडेशनने अर्ज मागवलेत. ज्या तालुक्यांत त्यांचा धंदा वाढला तिथल्याच गटांना पैसे देणार, आणि योजनेला 'सर्वसमावेशक आर्थिक विकास' असं नाव आहे. कमाल ८ लाख, एकदाच, त्यातला दहावा हिस्सा आमचा. गटाच्या खात्यात लाखभर रुपये आहेत, त्याहून जास्त उभे होणार नाहीत. फॉर्मवर यंत्रसामग्री, बांधकाम आणि प्रशिक्षण असे तीन मोठे रकाने आहेत, आणि खाली 'इतर' म्हणून एक छोटा.

काय मागावं? बॉयलर, ड्रायर की शेड? आणखी एक अडचण आहे. हिशेब लिहायला आणि दुकानदारांच्या मागे लागायला आमच्यात कोणी मोकळी नाही. किनाऱ्याकडच्या दोन दुकानांत गेल्या मोसमाचे पैसे अजून अडकलेत. याचा या अर्जाशी संबंध आहे की नाही ते कळत नाही, तरी सांगून ठेवते.

फोंड्याचा_बागायतदार
आठ लाखांत काय होणार, ताई? अर्धवट यंत्रं घेऊच नका. मी बॉयलर, ऑटोमॅटिक कटर, ड्रायर, सोलणीचं यंत्र आणि त्याला लागणारा कॉम्प्रेसर, सगळं एकदम घेतलं. पंचवीस लाखांच्या घरात गेलं, पण पूर्वी आठवड्यात फुटायची तेवढी बी आता दिवसात फुटते. गर अख्खा निघतो, तुकडा कमी. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के सबसिडी आहे, कमाल १० लाख. फाउंडेशनचे पैसे त्यात घाला, बाकीचं बँकेकडून घ्या. करायचं तर मोठंच करा.

म्हापशेकर
पंचवीस लाख कुठून आणणार त्या? लाखभर आहेत असं स्पष्ट लिहिलंय.
माझ्या मेव्हणीच्या गटाला एका कंपनीने ड्रायर दिला होता. उद्घाटन झालं, फोटो झाले, आणि मग कळलं की तो थ्री फेजवर चालतो. गावात सिंगल फेज. तो ड्रायर आज ताडपत्रीखाली पडून आहे. यंत्राचं नाव काढण्याआधी वीज खात्यात जाऊन आपल्याला लोड किती मंजूर आहे ते विचारा.

फोंड्याचा_बागायतदार
म्हणून बॉयलर जळणावरचा घ्यावा. माझा टरफलांवरच चालतो, जळणाचा खर्च शून्य.

म्हापशेकर
आणि टरफलांचा धूर? डोळे झोंबतात, घसा धरतो. वस्तीत असं युनिट असेल तर शेजारी पंचायतीत जातात आणि पुढची एनओसी अडकते. बागेत एकटं युनिट असणाऱ्याने वाड्यातल्या बायकांना हा सल्ला देऊ नये.

ट्रकवाला_धारबांदोडा
उद्योग-घराणं म्हणजे खाणवालेच असणार. २०१२ साली खाणी बंद झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. माझे ट्रकचे हप्ते कोणी भरले नाहीत. आता हे लोक आठ-आठ लाख वाटतात आणि वर अर्ज करायला लावतात! डोंगर आमचे गेले, तळी आमची गाळाने भरली. मागायचंच तर मिनरल फाउंडेशनचे, डीएमएफचे पैसे मागा. ते हक्काचे आहेत.

कुडचडेवासी
इथे तीन गोष्टींची सरमिसळ होतेय. डीएमएफ म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानंतर सरकारने ते स्थापन केलं. जुन्या लीजवाले रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावात लीज मिळालेले १० टक्के इतकी जादा रक्कम त्यात भरतात. उत्तर गोव्याचं वेगळं, दक्षिणेचं वेगळं, आणि पैसा खाणबाधित भागासाठीच वापरायचा असतो. मिनरल फाउंडेशन ऑफ गोवा ही खाण कंपन्यांनी मिळून काढलेली वेगळी संस्था. आणि ताई म्हणताहेत ते घराण्याचं फाउंडेशन हे तिसरंच. तिघांचे पैसे, नियम आणि दारं वेगळी.

ट्रकवाला_धारबांदोडा
दारं तीन असतील. पैसा एकाच डोंगरातून आलाय.

सीए_रायबंदर
ताई, आधी एक विचारून घ्या: हा पैसा कंपनीच्या सीएसआरचा (कायद्याने करायच्या सामाजिक खर्चाचा) आहे की घराण्याच्या स्वतःच्या ट्रस्टचा? बाहेरून दोन्ही 'फाउंडेशन'च दिसतात, पण तुमच्यासाठी फरक मोठा आहे.

सीएसआर असेल तर कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू होतं. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करायची. आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं, हे कायद्यातच आहे. म्हणून ही माणसं सत्तरीत आलीत. तुम्ही त्यांच्या दारात हात पसरायला गेलेला नाहीत, हे अर्ज लिहिताना मनात असू द्या.

त्या पैशातून घेतलेलं यंत्र किंवा इमारत कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ती मालमत्ता लाभार्थींच्या बचत गटाच्या नावावर करता येते. बरेचदा मधल्या संस्थेच्या नावावर करतात आणि गटाला नुसती वापरायला देतात. तुम्ही 'गटाच्या नावावर' असं करारात लिहूनच घ्या. शिवाय 'एकदाच' ही कायद्याची अट नाही, ती त्यांची सोय आहे. चालू प्रकल्प म्हणून मंजूर केला तर सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत पैसे देता येतात. हप्त्याने मागा.

घराण्याचा ट्रस्ट असेल तर यातलं काहीच बंधनकारक नाही. आयकराची सवलत टिकवायला त्यांना उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम धर्मादाय कामावर लावावी लागते. ते काम कोणतं, हे बरंचसं विश्वस्त ठरवतात. अशा वेळी 'इतर' हा रकाना सगळ्यात मोठा समजा.

केप्याची_वहिनी
आमचाही गट काजूचाच आहे. बाय, यंत्र नको, शेड नको. बीसाठी पैसे माग.

साधं गणित आहे. चार किलो बीतून साधारण एक किलो गर निघतो. तीन टन बी घ्यायची आणि दर किलोला १५० धरला तर साडेचार लाख झाले. हे पैसे मार्च ते मे या तीन महिन्यांत रोख मोजावे लागतात. गर मात्र चतुर्थी, दिवाळी, नाताळपर्यंत थोडा थोडा विकला जातो. ज्या गटाकडे एप्रिलमध्ये पैसा नाही, त्याच्या बायका जूनपासून रिकाम्या बसतात किंवा व्यापाऱ्याची बी मजुरीवर फोडतात. आमच्याकडे कटर होते, ड्रायर होता, आणि बी नव्हती. मग आम्ही फिरता निधी मागितला: मोसमात उचलायचा, नाताळनंतर परत भरायचा, पुढच्या वर्षी पुन्हा तोच वापरायचा. देणाऱ्यांना समजावताना नाकी नऊ आले, कारण यंत्रासमोर फीत कापता येते, बीच्या पोत्यांसमोर येत नाही. पण आज गट चालतो तो त्या निधीवर.

डिचोलीकर
वहिनींना अनुमोदन. फिरता निधीच मागा.

म्हापशेकर
मी पण हेच म्हणत होतो. यंत्र नको.

फोंड्याचा_बागायतदार
बी आणून ती हाताने फोडणार का? एका बाईच्या हातून दिवसाला किती फुटते ते मला माहीत आहे. टरफलातल्या तेलाने हात काळे होतात, कातडी निघते. तुम्ही सगळे त्या बायकांना त्याच जागी बसवून ठेवताय.

केप्याची_वहिनी
हातमोजे मिळतात, भाऊ. आणि मी स्वतः फोडते. मला हातांचं सांगू नका.

माहेर_धारवाड
थोडं लांबचं उदाहरण देते. हुबळीचे गुरुराज देशपांडे अमेरिकेत दूरसंचार क्षेत्रात मोठे झाले, मग त्यांच्या फाउंडेशनने आपल्याच हुबळी-धारवाड भागात काम उभं केलं. शेततळी, तरुणांसाठी कौशल्य प्रशिक्षण, नवे उद्योग काढणाऱ्यांसाठी जागा. अमेरिकेत ज्या राज्यात ते राहतात तिथेही लोवेल-लॉरेन्स या जुन्या गिरणीगावांत त्यांनी छोट्या उद्योजकांसाठी तसंच काम सुरू केलं. मला त्यातलं आवडतं ते हे की वस्तू देऊन मोकळं न होता माणूस तयार करण्यावर त्यांनी पैसा लावला. घाटाच्या वर हे होतं तर घाटाखाली का होऊ नये?

म्हापशेकर
मग ताईंनी हुबळीला अर्ज करावा का?

माहेर_धारवाड
नाही. इथल्या फाउंडेशनला असं मागता येतं, एवढंच सांगायचं होतं.

मोकासदार_नव्हे
बांधकामाचा रकाना भरणार असाल तर जमीन कोणाच्या नावावर आहे ते बघा. सत्तरीत आल्वारा, मोकासो अशा पोर्तुगीज काळापासूनच्या जमिनी, वनखात्याचं आक्षेपपत्र, सगळा गुंता आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचं नाव कागदावर नाही. २०२१ साली शेळ-मेळावलीत आयआयटीसाठी जमीन देण्यावरून लोक रस्त्यावर उतरले ते याच कारणाने. फाउंडेशनवाले मालकीचा उतारा मागतात, तो नसला की शेड गावातल्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जागेत बांधली जाते, आणि मग किल्ली त्याच्याकडे. खरी समावेशक वाढ हवी तर आधी जमिनी नावावर करा, मग फाउंडेशनं काढा.

कुडचडेवासी
मुद्दा खरा आहे, पण महिनाअखेरच्या अर्जासाठी त्याचा काय उपयोग?

मोकासदार_नव्हे
उपयोग हा, की शेड मागू नका.

रगाडाकाठची
सगळ्यांचे आभार. सीए साहेब, विचारलं. पैसा घराण्याच्या ट्रस्टचा आहे, सीएसआरचा नाही. शेडचा विचार सोडला, जागा एका सभासदाच्या दिराच्या नावावर आहे.
आणखी एक. फॉर्ममध्ये लाभार्थींची संख्या विचारलीय. त्यांच्या माणसाने सुचवलं की आसपासच्या गटांची नावं घालून १०० करा, म्हणजे अर्ज वजनदार होतो. काय करावं?

केप्याची_वहिनी
अजिबात नको. त्या शंभर बायका वर्षाने विचारायला येतील, आणि त्यांना द्यायला काही नसेल तेव्हा गावात तोंड तुलाच दाखवायचंय. नऊ काम करतात तर नऊ लिही. त्या नऊजणींना वर्षात किती महिने काम मिळतं आणि किती मिळायला हवं ते लिही. आणखी कोणाला घ्यायचं असेल तर बागेत बोंडू (काजूची फळं) वेचायला येणाऱ्या मजूर बायकांना घ्या. ज्यांची एक झाडही नाही त्यांना गटात जागा मिळाली, तर त्या योजनेच्या नावाला अर्थ आहे.

डिचोलीकर
फिरता निधी मागा. वर सांगितलंच आहे.

फोंड्याचा_बागायतदार
निदान ड्रायर तरी. पावसात गर नरम पडतो.

रगाडाकाठची
दोन संध्याकाळी गटात बसून ठरवलं. इथल्या बहुतेकांना पटणार नाही, तरी सांगते.

आम्ही यंत्र मागत नाही आणि फिरता निधीही मागत नाही. एका माणसाचा दोन वर्षांचा पगार मागतोय. साखळीच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली आमच्याच वाड्यातली मुलगी आहे, आता रोज बसने पणजीला नोकरीला जाते. महिना १८ हजार, २४ महिन्यांचे ४ लाख ३२ हजार. तिला फिरायला स्कूटर आणि पाकिटं बंद करायचं यंत्र धरून साडेपाच लाख होतात. आमचा हिस्सा ५५ हजार. आठ लाखांची गरज नाही म्हणून आठ मागितले नाहीत.

बीसाठी बँकेत जातोय. महिला गटाला ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी कर्ज मिळतं आणि तारण लागत नाही, पण बँकेला लिहिलेला हिशेब लागतो, आणि तोच आमच्याकडे नव्हता. पैसा आम्हाला मिळू शकत होता, तो मागायला, वसूल करायला, परत भरायला बसणारं कोणी नव्हतं. वहिनी, तुमच्या गटाचे हिशेब तुम्ही स्वतः बघता, म्हणून तुमचा निधी फिरला. आमच्याकडे तो पहिल्याच वर्षी दुकानदारांकडे अडकला असता.

म्हापशेकर
पगाराला फाउंडेशनं पैसे देत नाहीत. प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही.

सीए_रायबंदर
ती ५ टक्क्यांची मर्यादा सीएसआरमधली आहे, आणि तीही कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चाला. प्रकल्पावर थेट काम करणाऱ्या माणसाचा पगार हा प्रकल्पाचा खर्च. इथे तर तोही प्रश्न नाही, पैसा ट्रस्टचा आहे. फक्त 'लिपिक' असं लिहू नका. 'विक्री व हिशेब समन्वयक' लिहा. आणि दोन वर्षांनंतर हा पगार गटाच्या कमाईतून कसा निघेल याचं एक पान जोडा. विश्वस्त पहिला प्रश्न तोच विचारतील.

केप्याची_वहिनी
मी अजूनही म्हणेन, आधी बी. पण मुलगी हुशार असेल तर तिला एकदा आमच्याकडे पाठव. आमच्या वह्या दाखवते.

फोंड्याचा_बागायतदार
दोन वर्षांनी ती मुलगी लग्न करून जाईल. ड्रायर जात नाही.

रगाडाकाठची
गेली तर तिने शिकवलेली दुसरी बसेल, तेही अर्जात लिहिलंय. सीए साहेब, ते पान आज लिहितो. लाभार्थी २२ लिहिलेत, त्यातल्या काम करणाऱ्या नऊ, आणि पहिल्या वर्षी वेचणी करणाऱ्या चार नव्या.

ट्रकवाला_धारबांदोडा
अर्जाची शेवटची तारीख कोणती? आणि आमचा तालुका त्यांच्या यादीत आहे का? बायकोचा गट लोणची-पापड करतो.

रगाडाकाठची
आहे, भाऊ. ३१ तारीख, संध्याकाळी पाचपर्यंत. फॉर्म तुमच्या पंचायतीतही ठेवलेत असं त्यांचा माणूस म्हणाला. गटाच्या ठरावाची प्रत आणि बँक पासबुकाचं पहिलं पान न्या, दोन्ही मागतात.